पहिला फोन कुणाला लागला?

पत्र थोडक्यात असं: पुण्यात नोकरी करणाऱ्या 43 वर्षांच्या एका ताईंनी लिहिलं आहे. त्यांचे सासू-सासरे सांगली जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी राहतात. तीन महिन्यांपूर्वी सकाळी सव्वासहाला दूध उतरवताना सासूबाईंच्या हातातली सांडशी निसटली आणि जीभ जड झाली. सासऱ्यांना वाटलं, साखर कमी झाली असेल. त्यांनी साखरपाणी पाजलं, कॉटवर निजवलं. शेजाऱ्यांना हाक मारायला निघाले तर सासूबाईंनी हातानेच 'नको' म्हटलं. सहा चाळीसला त्यांनी पुण्याला फोन केला. मुलगा म्हणाला, "मी लगेच निघतो, तोवर पडू दे तिला." गावातल्या डॉक्टरांचा दवाखाना दहाला उघडला. त्यांनी बघून सांगलीला न्यायला सांगितलं, पण मुलगा तोवर कराडपर्यंत आला होता, म्हणून सगळे थांबले. सांगलीला पोहोचायला दुपारचा दीड वाजला. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकून पक्षाघात झाला होता आणि ती विरघळवणाऱ्या इंजेक्शनची वेळ टळून गेली होती. आज सासूबाईंचा उजवा हात उचलत नाही, बोलताना शब्द सापडत नाहीत. त्याच गल्लीतले एक गृहस्थ गेल्या वर्षी डेअरीच्या पायरीवर असेच कोसळले होते. त्यांच्यासाठी 108ची गाडी वेळेत आली आणि आता ते सायकल चालवतात. ताईंचे यजमान वडिलांशी बोलत नाहीत. "त्यांना कळलं, मग बाबांना का कळलं नाही?" हे एकच वाक्य घरात फिरतंय. सासऱ्यांचं जेवण तुटलंय. ताई विचारतात, काही जण अँब्युलन्स बोलावतात आणि काही बोलावत नाहीत, हे कशामुळे होतं? आणि आता दोघांना पुण्याला आणावं का?

ताई,

तुमच्या पत्रातली ती सांडशी माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. जिल्ह्याच्या गावी फिजिशियन म्हणून मी सव्वीस वर्षं काढली. पक्षाघाताचा रुग्ण आला की नातेवाइकांना पहिला प्रश्न असायचा, सुरुवात कशी झाली? उत्तरं अशीच यायची. कपातला चहा कलंडला. चपलेत पाय जाईना. शर्टाचं बटण लागेना. भाकरी थापता थापता एक हात थांबला. कुणी किंचाळलेलं नसायचं, कुणी छाती धरून खाली बसलेलं नसायचं, कारण बहुतेक वेळा यात दुखत काहीच नाही. आपण आजाराला 'दुखणं' म्हणतो. जे दुखतच नाही, त्यासाठी गाडी बोलवायची, हे आपल्या अंगवळणी कुठून पडणार?

त्यात आपला जुना शब्द आहे, 'अंगावरून वारं गेलं'. वारं आलं तसं जाईल, अशी आशा त्या शब्दातच आहे. मग तेल कोमट करून चोळतात, कुणी कबुतराचं रक्त लावायला सांगतं, कुणी अमुक गावच्या औषधाचं नाव काढतं. तुमच्या सासऱ्यांनी यातलं काही केलं नाही. त्यांना साखर कमी झाल्याची शंका आली आणि ती शंका अगदी वेडी नव्हती. साखर फार उतरली तर कधी कधी हुबेहूब पक्षाघातासारखं दिसतं. चूक झाली ती पाजण्यात. अशा वेळी गिळण्याची ताकदही गेलेली असू शकते आणि पाणी श्वासनलिकेत उतरतं. पण हे त्यांना कधी कुणी सांगितलं होतं?

आता यजमानांच्या त्या वाक्याकडे येते. "त्यांना कळलं." ताई, 'त्यांना' म्हणजे नक्की कुणाला? डेअरीवरच्या गृहस्थांनी काही स्वतः फोन लावला नव्हता. सकाळच्या वेळी तिथे वीस-पंचवीस माणसं किटल्या घेऊन रांगेत उभी असणार. त्यांच्या देखत धडधाकट माणूस पायरीवर कोसळला. पंचविसांतल्या एकाला 108 आठवलं तरी पुरे होतं. शिवाय परक्या माणसासाठी फोन करताना कुणी त्याची परवानगी विचारत बसत नाही. तुमच्या घरात दोनच माणसं होती. एकाची वाचा गेली होती आणि दुसऱ्याने हयातभर बायकोचं 'नको' ऐकलेलं होतं. ते गृहस्थ पहाटे एकटेच न्हाणीघरात पडले असते तर? आणि सासूबाईंच्या हातातली सांडशी हळदी-कुंकवाला जमलेल्या बायकांसमोर निसटली असती तर?

हे मी तुमची समजूत घालायला म्हणत नाही. जगभर जिथे जिथे याचा अभ्यास झाला, तिथे साधारण हेच दिसलं आहे. अँब्युलन्सचा फोन बहुतेक वेळा रुग्ण करत नाही, दुसरं कुणीतरी करतं. शुद्ध हरपली, माणूस कोसळला, तर फोन चटकन होतो. हात नुसता जड झाला, बोलणं नुसतं बोबडं झालं, तर लोक थांबून बघतात. एकटं राहणारं माणूस उशिरा येतं. आधी ओळखीच्या डॉक्टरांना विचारणारंही उशिरा येतं. म्हणजे कोण किती शहाणं आणि कुणाचं कुणावर किती प्रेम, यापेक्षा आजार कसा दिसला आणि त्या घडीला आसपास कोण होतं, यावर पुष्कळ अवलंबून असतं.

रुग्णाला स्वतःला का कळत नाही, हेही समजून घ्या. मेंदूची डावी बाजू उजवं अंग चालवते आणि बहुतेकांची भाषाही त्याच बाजूला असते. म्हणून सासूबाईंचा उजवा हात आणि शब्द एकदम गेले. अशा माणसाने फोन उचलला तरी तो बोलणार काय? मेंदूच्या उजव्या बाजूला झटका आला तर त्याहून विचित्र होतं. आमच्याकडे एका निवृत्त गुरुजींना आणलं होतं. डावा हात खाटेवरून खाली लोंबत होता. मी तो उचलून त्यांच्या डोळ्यांसमोर धरला आणि विचारलं, "गुरुजी, हा हात कुणाचा?" माझ्याकडे बघून ते शांतपणे म्हणाले, "तुमचाच असेल." त्यांची बायको पदराने डोळे पुसत म्हणाली, "पहाटेपासून म्हणतायत, मला काही झालं नाही. आता त्यांचं ऐकायचं नाही तर कुणाचं?" बिचारीने सात तास नवऱ्यावर विश्वास ठेवला होता. गुरुजी खोटंही बोलत नव्हते. आपलं अंग गेलंय हे ज्या भागाला कळायचं, तोच भाग बंद पडला होता.

तेव्हा पक्षाघाताची शंका आली की माणसाला 'कसं वाटतंय' हे विचारून निर्णय घेऊ नये. बघून घ्यावा. हसायला सांगा, तोंड एका बाजूला ओढलं जातंय का बघा. दोन्ही हात समोर धरायला सांगा, एक खाली घसरतोय का बघा. 'आज वार कोणता' एवढं विचारा, उत्तर अडखळतं का ऐका. अचानक तोल जाणं, एका डोळ्याने किंवा एका बाजूचं दिसेनासं होणं, कधी न झालेली भयंकर डोकेदुखी हीसुद्धा तीच घंटा. यातलं एकही असेल तर दुसऱ्याची वाट बघू नका.

नुसतं ठाऊक असूनही भागत नाही, हे मी स्वतःवरून सांगते. माझ्या आईचा हात एका संध्याकाळी बधिर झाला, ओठ वाकडा झाला. मी डॉक्टर, मी शेजारी बसलेली, आणि मी पहिला फोन कुणाला केला? भावाला. तो फोन चालू असतानाच आईचा हात परत हलायला लागला. वीस मिनिटांत सगळं जागेवर. ती म्हणाली, "बघ, गेलं." मी तिला झोपू दिलं. दवाखान्यात दुसऱ्या दिवशी नेलं. ओपीडीत कुणी असं केलं असतं तर मी त्याला समोर बसवून समजावलं असतं की आलेली लक्षणं आपोआप गेली तरी तो मोठ्या झटक्याचा इशारा असतो आणि पुढचे दोन दिवस सगळ्यांत धोक्याचे असतात. आईच्या बाबतीत निभावलं. पण त्या रात्री मला ठाऊक होतं ते सगळं कुठे गेलं होतं, याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. समोर आपलं माणूस असलं की आपल्याला आधी आपलीच माणसं आठवतात.

आणि सासूबाईंचं ते 'नको'. मी ते शेकडो बायकांच्या तोंडून ऐकलंय. सकाळची पारोशी, केस विस्कटलेले, लुगड्यावर दूध सांडलेलं, अशा अवस्थेत गल्लीसमोर कसं जायचं? गल्लीत अँब्युलन्स शिरली की दारं-खिडक्या उघडतात, आणि ती गाडी माणसाला शेवटचं न्यायला किंवा परत आणायलाच येते, असं पुष्कळांच्या मनात असतं. अँब्युलन्स म्हणजे मोठं हॉस्पिटल, मोठं हॉस्पिटल म्हणजे डिपॉझिट, हीही भीती. महाराष्ट्रात 108ची सेवा 2014 सालापासून आहे. रात्रंदिवस आहे, फुकट आहे, गाडीत डॉक्टर असतो. तरी 'ती अपघाताची गाडी' म्हणून माणसं वडापच्या जीपमध्ये, छोट्या हत्तीत घालून रुग्ण आणतात. एकाला मोटारसायकलवर दोघांच्या मधे बसवून आणलं होतं. लुळा पाय सगळ्या रस्ताभर घासत आला होता. अंगठ्याचं नख उरलं नव्हतं आणि त्याला ते दुखतही नव्हतं.

आता जे लिहिणार आहे ते जपून वाचा. सहा चाळीसचा फोन. लक्षणं सुरू होऊन जेमतेम पंचवीस मिनिटं झाली होती. म्हणजे सासरे गप्प बसले नव्हते. मदत बोलवायची हे त्यांना कळलं होतं आणि जगात ज्याच्यावर सर्वांत जास्त विश्वास, त्याला त्यांनी बोलावलं. तो फोन तुमच्या घरी वाजला. तिथून "108 लावा" असं उत्तर गेलं नाही. "मी निघतो" असं गेलं. वडिलांसाठी त्याचा अर्थ झाला की आता आपल्याला फक्त वाट बघायची आहे. मला वाटतं, यजमानांचा वडिलांवरचा एवढा राग या फोनपाशीच कुठेतरी अडकलाय. तुम्ही त्यांना दोष द्यावा म्हणून मी हे लिहीत नाही. त्यांनी गाडी काढली, पाच तास रस्ता तुडवला, आईसाठीच. पण मुलाने गावी जाणं आणि रुग्ण दवाखान्यात पोहोचणं, ही दोन कामं आहेत. दुसरं तिथल्याच गाडीने आधी व्हायला हवं होतं.

वेळेचा हिशोबही नीट समजून घ्या, कारण अपराधीपणा अर्धवट माहितीवर फार पोसला जातो. मेंदूची मोठी रक्तवाहिनी तुंबली की मिनिटाला सुमारे 19 लाख पेशी मरतात असा अंदाज आहे. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं आणि जितकं लवकर, तितका उपयोग जास्त. त्याआधी सीटी स्कॅन हवाच, कारण रक्तस्राव झालेला असेल तर तेच इंजेक्शन घातक ठरतं. मोठ्या रक्तवाहिनीतली गुठळी तारेने ओढून काढता येते. त्याला सहा तास, काही निवडक रुग्णांत चोवीस तासांपर्यंत वाव असतो, पण ती सोय मोजक्याच ठिकाणी आहे. तुमच्या सासूबाई लवकर पोहोचल्या असत्या तर संधी मिळाली असती, हे खरं आहे आणि ते मी लपवणार नाही. पण वेळेत इंजेक्शन मिळालेल्यांतलेही बरेच जण पूर्ण बरे होत नाहीत. 'बाबांमुळे हात गेला' असं छातीठोक म्हणण्याचा अधिकार डॉक्टरांनाही नाही.

एकदा झटका आलेल्याला पुन्हा येण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. म्हणून यापुढची तयारी ही तुमच्या भांडणाहून निकडीची आहे. या रविवारी गावी जा. सासऱ्यांचा फोन बटणांचा असेल तर त्यात 108 साठवून द्या आणि स्वयंपाकघराच्या भिंतीवर तोच आकडा लांबून दिसेल असा लिहा. फोनवर काय बोलायचं ते त्यांच्याकडून दोनदा म्हणवून घ्या: पक्षाघात वाटतोय, इतक्या वाजता सुरू झालं, वय इतकं, घर अमक्या देवळामागे. झोपेतून उठल्यावर लक्षात आलं, तर शेवटचं धडधाकट कधी पाहिलं ती वेळ सांगायची. महाराष्ट्रात 108चं केंद्र एकच आहे, त्यामुळे पुण्यातून तुम्हीही सासरच्या पत्त्यावर गाडी मागवू शकता. हे पत्र बेंगळुरू, हैदराबादेत बसून वाचणाऱ्यांना मात्र आपल्याकडून 108 लावून चालणार नाही, तिथलंच केंद्र लागेल. त्यांनी आईवडिलांच्या दोन शेजाऱ्यांचे नंबर आजच घेऊन ठेवावेत.

अँब्युलन्स नेहमी वेळेत येतेच, असं मी म्हणणार नाही. कधी गाडी दुसऱ्या गावाला गेलेली असते. किती वेळ लागेल ते फोनवरच विचारायचं. तास लागणार असेल तर मिळेल ती चारचाकी घ्यायची, रुग्णाला कुशीवर निजवायचं आणि मधे कुठल्या छोट्या दवाखान्यात न थांबता थेट सीटी स्कॅन असलेल्या रुग्णालयात जायचं, निघतानाच तिथे फोन करून. कुठलं रुग्णालय, हे त्या सकाळी शोधायचं नसतं. सांगली-मिरजेत रात्री-अपरात्री सीटी आणि हे इंजेक्शन कुठे मिळतं, त्याची चौकशी आताच करा आणि नाव-नंबर भिंतीवरच्या आकड्याखाली लिहा. तोपर्यंत तोंडाने काही द्यायचं नाही, पाणीसुद्धा नाही. बीपी वाढलंय म्हणून घरातली गोळी नाही, रक्त पातळ करायची गोळीही नाही. चालू औषधांची फाइल मात्र हातात हवी. आणि साडेचार तास होऊन गेले असले तरी जायचंच. 'आता काय उपयोग' म्हणून घरी थांबू नये.

रोजची बीपीची गोळी चुकू नये, नाडी अनियमित नाही ना हे डॉक्टरांकडून तपासून घ्यावं. सासूबाई मिश्री लावत असतील तर ती सुटली पाहिजे. त्यांना याची लाज वाटत असेल, म्हणून हे तुम्हीच मायेने विचारा.

पुण्याला आणायचं का? तुमची कल्पना आहे की शहरात मदत जवळ असते. अंतर मोजलं तर असते. पण तुम्ही दोघं सकाळी नऊला बाहेर पडता, संध्याकाळी सातला येता. पाचव्या मजल्यावर आतून कडी लावलेल्या फ्लॅटमध्ये, शेजारच्या दारावरचं नावही ओळखीचं नसताना, त्या दोघांची मधली दहा तासांची सोय काय? गावात निदान हाक मारली की माणूस येतं, हाक मारू दिली तर. म्हणून अँब्युलन्सच्या भीतीने घर हलवू नका. खरा प्रश्न उपचारांचा आहे. पहिले काही महिने हाताची फिजिओथेरपी आणि बोलण्याचा सराव नियमित झाला तर त्याचा फायदा मोठा असतो. गावाजवळ आठवड्यातून तीन-चारदा ते होत असेल तर तिथेच राहू द्या. होत नसेल तर सहा महिन्यांसाठी म्हणून आणा, दिवसा घरात कोण असेल ते आधी ठरवून. नंतर पुन्हा विचार करा.

हे ठरवताना सासूबाईंना विचाराल ना? शब्द सापडत नाहीत म्हणजे समजत नाही, असं नसतं. पुण्याच्या घराचा फोटो आणि गावच्या घराचा फोटो समोर ठेवा, त्या बोट ठेवतील. घाई करू नका, त्यांचं वाक्य तुम्ही पूर्ण करू नका. आणि एक गोष्ट तुमच्या कुणाच्या ध्यानात आलेली नसावी: तुमच्या घरातलं ते वाक्य, "बाबांना का कळलं नाही", त्यासुद्धा ऐकत असतात. नवऱ्याची बाजू घ्यायला त्यांच्याकडे शब्द नाहीत. त्या दिवशी 'नको' आपणच म्हटलं होतं, हे त्यांना आठवत असेल तर ते सांगायलाही नाहीत.

सासऱ्यांना "का नाही बोलावली" असं कुणी विचारू नका. "त्या सकाळी तुम्हाला काय काय दिसलं?" असं विचारा आणि मग गप्प बसून ऐका. सांडशीपासून कराडच्या फोनपर्यंत त्यांना एकदा सगळं सांगू द्या. तीन महिन्यांत त्यांना ते कुणी विचारलेलं नसावं. जेवण तुटलेलं आहे, झोपही तुटली असणार. त्यांनाही डॉक्टरांना दाखवायला हवं, आणि ते सासूबाईंच्या पुढच्या तपासणीपर्यंत लांबवू नका.

हे उत्तर यजमानांना वाचायला द्या. फक्त सहा चाळीसच्या फोनबद्दल जे लिहिलंय ते त्यांना मोठ्याने वाचून दाखवू नका. त्यांचं ते एकटे वाचतील. त्यानंतर थोडा वेळ त्यांना काही विचारू नका.